टोनहीची चेटकीण करू नका

रायपूरच्या कॉलेजांत सामाजिक प्रश्नावर शोधनिबंध लिहायला घेतला की पहिला बळी बोलीचा जातो. ‘टोनही’ची इंग्रजीत ‘विच’ होते, मराठीत येईतो चेटकीण. चेटकीण तर परीकथेतली, झाडूवरची! टोनही म्हणजे शेजारची जितीजागती बाई. छत्तीसगडच्या कायद्याला हे कळलं होतं. २००५च्या त्या अधिनियमाचं नावच ‘टोनही प्रताडना निवारण’. कुणाला नुसतं टोनही ठरवलं तरी ३ वर्षांपर्यंत कैद. छळ केला तर ५. म्हणजे इथे शब्द हेच हत्यार. आणि आमचे मार्गदर्शक तेच खोडून वर ‘परिभाषा सुधारा’ असा शेरा मारतात. घरी छत्तीसगढी बोलणारी विद्यार्थिनी गावात जे कानांनी ऐकून आली, ते तिच्या निबंधात कुठल्या पानावर आहे?