'अजून थोडं थांबूया' कशासाठी?

मंडळी, आपल्या कुठल्याही पॉटलकला आईवडिलांच्या तब्येतीचा विषय निघतोच. त्यात पार्किन्सन्सचं नाव आलं, की कोणीतरी छातीठोकपणे सांगतं, "लेव्होडोपा इतक्यात सुरू करू नका हं! पाच वर्षांत गोळीचा असर संपतो. मग पुढे काय कराल?" सगळे माना डोलावतात. माझं भांडण आहे ते या सल्ल्याशी.

ही भीती अगदीच हवेतून आलेली नाही. काही वर्षं लेव्होडोपा घेतल्यावर अनेकांना पुढच्या डोसाआधीच असर ओसरल्याचं जाणवतं, अंगाच्या अनावर हालचाली होतात. साहजिकच खापर गोळीवर फुटलं. पण २०१४ साली घाना आणि इटलीतल्या रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. घानात औषध उशिरा सुरू होत होतं. तरीही हे त्रास दोन्हीकडे आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर सुरू झाले. म्हणजे घड्याळ आजाराचं, गोळीचं नव्हे!

२०१९ साली नेदरलँड्समधल्या चाचणीचे निष्कर्ष आले. ४४५ रुग्णांपैकी निम्म्यांना लेव्होडोपा लगेच दिलं, निम्म्यांना ४० आठवड्यांनी. ८० आठवड्यांनंतर दोन्ही गट सारखेच! गोळीने आजार थांबला नाही हे खरं, पण लवकर घेतल्याने नुकसानही दिसलं नाही. थांबून शिल्लक काही पडली नाही. मधले महिने मात्र त्रासात गेले.

माझे बाबा ठाण्यात असतात. शर्टाची बटणं लावायला वीस मिनिटं लागू लागली, म्हणून त्यांनी वाचनालयात जाणंच सोडलं. न्यूरॉलॉजिस्ट म्हणत होते, गोळी सुरू करा. आणि न्यू जर्सी, लंडन, बंगळूरहून नातलगांचे फोन, "थांबा!" एकाने तर खाजकुइलीचं चूर्ण सुचवलं, नैसर्गिक म्हणून. अहो, त्या बियांतही लेव्होडोपाच असतं, फक्त मोजून-मापून दिलेलं नसतं! शेवटी बाबा मला म्हणाले, "अरे, पाच वर्षांनंतरचं सगळेच सांगतायत. या मंगळवारी मी वाचनालयात कसा जाऊ, ते सांग." मला तरी यावर उत्तर एकच दिसलं, गोळी.

निदान झाल्या दिवशीच गोळी घ्या, असं माझं म्हणणं नाही. रोजच्या कामांत अडचण येत नसेल, तर थांबणंही रास्त. मळमळ, उभं राहताना रक्तदाब उतरणं, भास होणं हे दुष्परिणाम आहेतच. कमी वयात आजार झालेल्यांना अनावर हालचालींचा धोका जास्त, तिथे डोस बेतानेच हवा. हे सगळं रुग्णाने आणि डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. सात समुद्रांपलीकडून आपण आपली भीती त्यात मिसळायची नाही.

तेव्हा येत्या रविवारी घरी फोन लावाल, तेव्हा "गोळी सुरू नाही ना केली?" असं विचारू नका. "हल्ली काय काय करायला जड जातंय?" एवढं विचारा. आणि उत्तर मधे न बोलता ऐका.