टेकाडे भावजींच्या मागचं नाव
ऐकीव : बेंबळीकर

जून स्पेन्सर ही ब्रिटिश नटी २०२२ साली निवृत्त झाली तेव्हा तिचं वय १०३ होतं. बीबीसीच्या ‘द आर्चर्स’ या नभोमालिकेत पेगी नावाची बाई तिने १९५० च्या चाचणी भागांपासून उभी केली. मधली काही वर्षं पेगीचं काम दुसऱ्या नटीकडे होतं, आणि ती कोण हेही तिकडे कुणी विचारलं तर सांगता येतं. आता आपल्याकडे या. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालिकेतले प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही नावं साठी ओलांडलेल्या माणसासमोर नुसती घ्या, चेहरा खुलतो. पण भावजींचं काम कोण करायचं असं विचारलं की बहुतेकजण गप्प. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर, असे ते तिघं. त्यांनी किती भाग केले, कोणता भाग कुणी लिहिला, कोण कधी बदललं, हे साध्या श्रोत्याला उघडून बघता येईल अशी यादी हाताशी नाही. आपले नट उणे होते म्हणून हा फरक पडलेला नाही. रंगमंचावरच्या नटाची कारकीर्द त्याच्या कामातून उभी राहते. आवाजाच्या नटाच्या कामाला नोंदीची जोड नसेल, तर पात्र तेवढं लोकांच्या तोंडी राहतं आणि माणूस पुसला जातो.

नाटकाच्या नटाला जाहिरात असते, छायाचित्र असतं, परीक्षण असतं. सिनेमाच्या नटाला श्रेयनामावली असते. श्रुतिकेच्या नटाचं नाव निवेदक एकदा वाचतो, आणि तेवढ्यात घरात कुणी भांडं आपटलं तर तेही गेलं. काम मात्र हलकं नाही. आकाशवाणीची आवाजचाचणी द्यावी लागते, श्रेणी मिळते. मायक्रोफोनपासून किती लांब उभं राहायचं, कागद न वाजवता पान कसं उलटायचं, नुसत्या श्वासावर राग कसा दाखवायचा, हे सगळं शिकावं लागतं. रेडिओसाठीच लिहिलेलं पहिलं इंग्रजी नाटक, रिचर्ड ह्यूजचं, जानेवारी १९२४ मध्ये बीबीसीवर झालं. ते कोळशाच्या खाणीतल्या अंधारात घडतं. ऐकणाऱ्याला जेवढं दिसतं तेवढंच पात्रांनाही, ही त्यातली हुशारी. चेहरा नसणं हे या कलेचं भांडवल आहे, पण नटाच्या नावापुरता तोच घाटा ठरतो. भक्ती बर्वे म्हटलं की ‘ती फुलराणी’ (१९७५) आणि ‘जाने भी दो यारो’ (१९८३) आठवतात. आकाशवाणीवरची निवेदिका आणि दूरदर्शनवरची वृत्तनिवेदिका या त्यांच्या ओळखी नंतर पुरवणीसारख्या येतात. नीलम प्रभूंचं तर याहून अवघड. यशवंत देवांशी लग्न झाल्यावर त्या करुणा देव झाल्या. दोन्ही नावं एकाच बाईंची हे ठाऊक नसलेला कुणी उद्या यादी करायला बसला, तर एका कलावतीच्या दोन अर्ध्या कलावती करून ठेवील.

यावर ठरलेलं उत्तर येतं : बीबीसीकडे पैसा आहे, शिस्त आहे, आपल्याला ते कसं परवडणार? ही समजूत बीबीसीच्याच इतिहासाला धरून नाही. ‘डॉक्टर हू’ या गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग बीबीसीनेच पुसून टाकले. फिती महाग होत्या, जागा कमी होती, आणि हे पुन्हा कुणी बघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. चित्र गेलं, पण त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो धरून ठेवला होता. शिस्त संस्थेची नव्हती, घराघरांतली होती. संस्थेने एक गोष्ट मात्र नेमाने केली. १९२३ पासून निघणाऱ्या ‘रेडिओ टाइम्स’मध्ये कार्यक्रमांबरोबर नटांचीही नावं छापली, आणि त्या जुन्या अंकांतली माहिती आज कुणालाही शोधता येते.

‘डॉक्टर हू’मधलाच कॉलिन बेकर हा नट तर आवाजाने सावरला. १९८४ ते १९८६ एवढाच काळ त्याला दूरचित्रवाणीवर डॉक्टरची भूमिका मिळाली, मग ती काढून घेण्यात आली. १९९९ पासून ‘बिग फिनिश’ या कंपनीने ‘डॉक्टर हू’ची ध्वनिनाट्यं काढायला सुरुवात केली, आणि बेकरने तीच भूमिका नुसत्या आवाजात पुढे कितीतरी वर्षं केली. पडद्यावर ज्याच्याविषयी नाक मुरडलं गेलं, त्याच्याविषयीचं मत ऐकणाऱ्यांनी बदललं. बेकर गुणी होताच, पण वेष्टनावर त्याचं नाव छापलेली तबकडी विकत मिळत होती, हेही त्यामागे होतं. आपल्या श्रुतिकेतल्या नटाला अशी दुसरी खेळी मिळायची तर आधी पहिल्या खेळीचा हिशेब हवा.

आपल्याला नोंद ठेवायची रीतच नव्हती, असंही म्हणता येत नाही. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ झालं. त्यातली गाणी ५६, कवी माडगूळकर, संगीत सुधीर फडके, आणि गाणाऱ्यांत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे होते, हे रसिक घडाघडा सांगतात. गाण्याची वही होते, पुस्तक होतं, पुढे ध्वनिमुद्रिका होते. त्याच केंद्राच्या त्याच काळातल्या श्रुतिकेत कोण बोललं, हे विचारा बरं! गाणं जपायचं आणि संवाद वाऱ्यावर सोडायचे, अशी आवडनिवड आपणच केली.

धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीच्या वाचकाला या सगळ्याशी काय देणंघेणं, असंही कुणी म्हणेल. देणंघेणं जास्त इथलंच आहे. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा प्रयोग केला तो पाच जिल्ह्यांत. आपला जिल्हा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे त्यांत नव्हता. परभणीचं केंद्र १९६८ मध्ये सुरू झालं. मुंबई दूरदर्शन १९७२ चं, पण त्याचं चित्र इकडे दिसायला पुढे बरीच वर्षं गेली. रंगमंचावरचं व्यावसायिक नाटक शहरातल्या नाट्यगृहाशी बांधलेलं. मधल्या काळात मराठवाड्यातल्या खेड्यांनी जो अभिनय रोज घरात घेतला, तो लोककलेखेरीज बराचसा आवाजातलाच होता. तो करणाऱ्यांतले पुष्कळजण एकेका कार्यक्रमाच्या करारावरचे, पोटापाण्याची नोकरी दुसरीच. त्यांच्यावर चरित्रग्रंथ निघणार नाहीत. पुण्यामुंबईच्या नटाबद्दल निदान कुणीतरी मृत्युलेख लिहितो. बाळ कुडतरकर २०१८ मध्ये गेले तेव्हा टेकाडे भावजींची आठवण वर्तमानपत्रांनी काढली. परभणी केंद्रावरच्या नटाच्या वाट्याला तेवढंही येत नाही. आणि ‘द आर्चर्स’सुद्धा मुळात युद्धानंतरच्या टंचाईत शेतकऱ्याला चार गोष्टी कळाव्यात म्हणून बीबीसीने रचलेली खेड्याची गोष्ट होती, हे ध्यानात घेतलं तर तुलना फार ओढूनताणून वाटणार नाही.

एक हरकत मात्र वजनदार आहे, ती हक्कांची. संहिता लेखकाची, आवाज नटाचा, प्रसारण आकाशवाणीचं. आपल्या कायद्यात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, कलावंताचा सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं, प्रसारणाचा २५ वर्षं. तेव्हा कपाटातल्या फिती उचलून मोबाइलवर टाकल्या, इतकं हे सोपं नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ हा मंच सुरू केला. त्यावर जुन्या श्रुतिका याव्यात अशी मागणी रास्त आहे, पण तिला वेळ लागेल, परवानग्या लागतील. नुसत्या नोंदीला त्या लागत नाहीत. कोणती श्रुतिका, कोणतं केंद्र, कोणती तारीख, लेखक-दिग्दर्शक कोण, कोणत्या पात्राला आवाज कुणाचा, यावर कुणाचा हक्क चालत नाही. आकाशवाणी केंद्रांकडे नटांशी केलेल्या करारांची आणि मानधनाची जी कागदपत्रं उरली असतील, त्यांत यातलं बरंच सापडायला हवं. ती रद्दीत जाण्याआधी हे उतरवून घ्यावं, आणि धाराशिवच्या आकाशवाणी केंद्राने, जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी सुरुवात परभणीच्या श्रुतिकांपासून करावी. त्या करणाऱ्यांपैकी काहीजण अजून हयात आहेत, आणि कुणी कोणतं काम केलं हे त्यांना विचारता येतं.

— बेंबळीकर