कलौंजीच्या भरवशावर बिर्याणी ठेवू नका

लग्नसराईत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पारा 42–43 अंशांवर असतो. वलीम्याची देग दुपारी उतरते आणि उरलेली बिर्याणी रात्री घरोघर जाते. वरून कलौंजी भुरभुरली की ती बाधत नाही, असा समज कानावर येतो. कलौंजीविषयी हदीसमध्ये काय आले आहे हे घरातल्या लहानांनाही ठाऊक असते, म्हणून असे सांगणे लगेच पटते. आम्हाला मात्र ते धोक्याचे वाटते.

बियांत जंतूंशी लढणारे काही नसते, असे मुळीच नाही. ओल्या मातीत हजारो जंतूंच्या गराड्यात बी पडून असते. त्याला पळता येत नाही. म्हणून ते प्रथिनांचे लहान लहान तुकडे साठवून ठेवते. त्यांना पेप्टाइड म्हणतात. यांतल्या बहुतेकांवर धन विद्युतभार असतो आणि जंतूच्या आवरणावर ऋण. पेप्टाइड तिथे चिकटते, आवरणाला भोके पडतात आणि जंतू मरतो. मुळ्याचे बी तर रुजताना टरफल फुटले की अशी प्रथिने आजूबाजूच्या मातीत सोडते!

गव्हाच्या पिठातले असे प्रथिन 1942 मध्येच वेगळे काढले गेले होते. 2006 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी चवळीच्या दाण्यातल्या अशाच प्रथिनाने स्टॅफिलोकोकस आणि ई. कोलाय या जंतूंना रोखल्याचे दाखवले. आपल्या जिल्ह्यात शेतोशेती दिसणाऱ्या सोयाबीनच्या पेप्टाइडची लिस्टेरियावर चाचणी झाली आहे. कलौंजीतूनही रशियन शास्त्रज्ञांनी अशी पेप्टाइडे काढली आहेत.

पण ‘काढली आहेत’ या शब्दांकडे लक्ष द्या. प्रयोगशाळेत बी दळून, गाळून, शुद्ध करून मिळालेला तो अर्क असतो. देगीवर पडलेल्या चिमूटभर अख्ख्या दाण्यांतले पेप्टाइड दाण्यातच राहते. शिवाय साल्मोनेला, ई. कोलाय यांना बाहेरून आणखी एक आवरण असते, ते भेदणे अवघड. चीजमध्ये घालतात ते नायसिन हेही पेप्टाइडच, पण ते दुधातल्या जंतूंपासून मिळते आणि मोजून मापून वापरले जाते.

भाताची गोष्ट तर आणखी वेगळी. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. वाढणाऱ्याच्या हातावरून, नाकातून आलेला स्टॅफिलोकोकसही तेच करतो. ही विषे उकळल्यानेही जात नाहीत. म्हणजे ‘रात्री चांगली गरम करून खाल्ली’ हे म्हणणे उपयोगाचे नाही. वासही येत नाही, चवही बदलत नाही.

तेव्हा अशा उन्हाळ्यात उतरलेली बिर्याणी तासाभरात वाटून टाका. ठेवायचीच असेल तर देगीतून काढून परातीत पातळ पसरा, वाफ गेली की लहान डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभर वीज नसलेल्या फ्रिजमधले मांस आणि भात मुलांना देऊ नका. अन्न वाया जाते याचे आम्हालाही वाईट वाटते. त्यावर उपाय एकच, देग मोजून चढवा. उलट्या-जुलाब झालेच तर ओआरएस सुरू करा. लघवी कमी झाली, शौचातून रक्त पडले किंवा मूल सुस्त झाले, तर कलौंजीचा काढा करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

आणि पेरणीतून उरलेले रंगीत सोयाबीन किंवा चवळी ‘बीच तर आहे’ म्हणून स्वयंपाकघरात आणू नका. तो रंग औषधाचा असतो, धुऊन जात नाही.