इशारा वावरापर्यंत पोचवा

मार्च उजाडला की विदर्भात आभाळाचा भरवसा राहत नाही. बंगालच्या उपसागरावरून आलेला दमट वारा आणि वायव्येचा कोरडा वारा इथल्या तापलेल्या जमिनीवर एकमेकांना भिडतात; दुपारपर्यंत कडक ऊन आणि चारच्या सुमारास गारा. सोंगून ठेवलेला हरभरा, उभा गहू, संत्र्याचा आंबिया बहार, सगळं त्याच वेळी वावरात असतं, आणि माणसंही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इथला शेतकरी विसरलेला नाही.

हवामान खातं झोपलेलं असतं, असं मी म्हणणार नाही. नागपूरचं प्रादेशिक केंद्र जिल्हावार इशारे देतं, पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाजही देतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप 20 ते 40 किलोमीटरच्या टापूतल्या विजांची खबर देतं. पण ती खबर ज्या फोनवर येते, तो फोन कोणाकडे असतो? भल्या पहाटे सोंगणीला निघालेल्या बाईजवळ बटणांचा साधा फोन असतो, नाहीतर तोही नसतो. तिचा डबा, पाण्याची कॅन, कधी तान्ह्या लेकराची झोळीसुद्धा बांधावरच्या कडुनिंबाखाली. गडगडायला लागलं की सगळ्या बाया तिकडेच धावतात, आणि वीज उंच एकट्या झाडालाच आधी गाठते.

आमच्या बाळापूर तालुक्यातल्या पारसला 9 एप्रिल 2023 रोजी वादळात जुना कडुनिंब मंदिराच्या टिनाच्या शेडवर कोसळला आणि सात जण दगावले. पावसात माणूस जवळच्या छपराखाली जाणारच. वादळ येतंय हे अर्धा तास आधी गावभर कळलं असतं, तर त्यातले काही जण तरी पक्क्या भिंतीआड पोचले असते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीवर भोंगा बसवा. तीन तासांचा इशारा आला की तो वाजवण्याची जबाबदारी पोलीस पाटील किंवा कोतवाल, अशा एकाच माणसावर लेखी टाका. आसऱ्यासाठी जिल्हा परिषदेच्या शाळेची किल्लीही त्याच्याकडे असू द्या, मग शाळेला सुट्टी असली तरी दार उघडेल.

भोंगा वाजला आणि पाऊस आलाच नाही, तर लोक पुढच्या वेळी ऐकणार नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. लोकांचा विश्वास उडतो तो अख्ख्या जिल्ह्याला चार-चार दिवस दिलेल्या पिवळ्या इशाऱ्याने. चार दिवस मजुरी बुडवून कोण घरी बसेल? दोन-तीन तासांसाठी काम थांबवायला मात्र कोणी नाही म्हणणार नाही. तेवढ्या वेळात गंजीवर ताडपत्रीही ओढून होते.

ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळाने सुमारे 10 हजार बळी घेतले. त्यानंतर तिथे निवारे बांधले गेले, गावोगाव सूचना पोचवायची घडी बसली, आणि 2013 च्या ‘फायलिन’ वादळात बळींचा आकडा पन्नासच्याही आत राहिला. किनाऱ्याला जे मिळालं ते पठारावरच्या गावांना का नको? विजेने माणूस गेल्यावर वारसांना चार लाख देणाऱ्या सरकारने त्यातलाच थोडा पैसा आधी भोंग्यावर घालावा, आणि तो यंदाचा एप्रिल लागण्याआधी.

– एक शेतकरी, ता. बाळापूर, जि. अकोला