जुन्या सिंथेसायझरचा आवाज अजून का चालतो? मामाच्या कॅसिओपासून चरणजीत सिंगपर्यंत

दिवाळीत यवतमाळला घरी गेलो होतो, तेव्हा दारव्ह्याचे मामा भेटायला आले. आल्या आल्या त्यांनी मोबाइल पुढे केला. एका रीलमध्ये कोणीतरी सांगत होतं की 40 वर्षं जुने सिंथेसायझर आज लाखोंमध्ये विकले जातात.

"काऊन रे, आपल्या कॅसिओचे किती येतीन?"

मामा 90 च्या दशकात लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. आता वरातीत पेन ड्राइव्ह वाजतो. त्यांचा कीबोर्ड कपाटावर चादरीत गुंडाळून ठेवलाय. आमच्याकडे कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड असो, तो 'कॅसिओ'च. त्यामुळे आधी पेटी उघडून पाहावी लागली. उत्तर कडू होतं: लाख सोडा, भंगारवाल्यापेक्षा थोडे जास्त मिळाले तरी खूप. पण हे 'का' हे सांगताना मलाच खूप काही नव्याने कळलं. चला, समजून घेऊया.

दोन्ही पेट्या सारख्या दिसतात, पण आत वेगळ्या

मामांच्या कीबोर्डमध्ये आवाज आधीच रेकॉर्ड करून चिपमध्ये भरलेले आहेत. बासरीचं बटण दाबलं की बासरीचं रेकॉर्डिंग वाजतं. असे कीबोर्ड लाखोंनी बनले, म्हणून त्यांना भाव नाही.

ज्यांना भाव आहे ते मुख्यतः ॲनालॉग सिंथेसायझर. यात रेकॉर्डिंग नसतं. ऑसिलेटर नावाचं सर्किट विजेची लाट तयार करतं. फिल्टर त्या लाटेतला तीक्ष्ण भाग कापतो. एन्व्हलप ठरवतो की आवाज झटकन यावा की हळूहळू, आणि किती वेळ टिकावा. 1970 मध्ये आलेल्या मिनीमूगपासून हीच मांडणी लोकप्रिय झाली. आपल्या हिंदी सिनेमात हे वाद्य आणण्याचं श्रेय मुंबईच्या केरसी लॉर्ड यांना दिलं जातं.

गंमत अशी की या सर्किटला तापमान बाधतं. यंत्र गरम झालं की स्वर किंचित सरकतो. म्हणून जुने वादक कार्यक्रमाच्या बरंच आधी यंत्र चालू करून ठेवायचे. यवतमाळच्या मे महिन्यात असं वाद्य सुरात ठेवणं म्हणजे परीक्षाच. पण याच सरकण्यामुळे एकच स्वर दोनदा वाजवला तरी तो तंतोतंत तसाच येत नाही. कानाला तो जिवंत वाटतो.

खराब ट्रान्झिस्टरची गोष्ट

रीलमधला छातीत घुमणारा बास तुम्ही रोज ऐकता. प्रोड्यूसर त्याला सरळ '808' म्हणतात. हे नाव रोलँड कंपनीच्या टीआर-808 या ड्रम मशीनचं. 1980 ते 1983 या काळात तिचे सुमारे 12,000 नग बनले. खऱ्या ड्रमसारखी वाजत नाही म्हणून तेव्हा अनेकांनी तिला नावं ठेवली.

रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी नंतर सांगितलं की 808 च्या खास आवाजासाठी त्यांनी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरले होते. पुढे ट्रान्झिस्टर बनवण्याचं तंत्र सुधारलं, सदोष माल मिळेनासा झाला आणि मशीन बंद करावी लागली. सुटे भाग चांगले झाले आणि आवाज संपला! इंजिनिअर म्हणून मला हे वाचून हसूही आलं आणि विचारातही पडलो. आम्ही दिवसभर बग काढत बसतो. इथे तो 'बग'च ओळख होती.

1982, मुंबई: दहा राग आणि तीन यंत्रं

आता महाराष्ट्रातली गोष्ट. चरणजीत सिंग हे मुंबईतले सिनेसंगीतातले वादक. गिटार, बास, कीबोर्ड सगळं वाजवायचे. 1982 मध्ये त्यांनी तीन नवी रोलँड यंत्रं एकत्र जोडली: ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर, टीआर-808 आणि टीबी-303. त्यावर भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड एचएमव्हीने काढली. नाव होतं 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'.

यातलं टीबी-303 नीट समजून घ्या. गिटारवाल्याला घरी सराव करताना साथीला बास गिटार हवी म्हणून 1981 मध्ये हे यंत्र आलं. बास गिटारसारखं ते अजिबात वाजत नव्हतं. पण त्यात 'स्लाइड' होती, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर तुटक उडी न मारता घसरत जाण्याची सोय. आपल्या संगीतात याला मींड म्हणतात. पाश्चात्त्य बाजारात जो भाग नकली बास वाटला, तो रागाच्या अंगाने जाणाऱ्या वादकाच्या हातात कामाचा ठरला.

ही रेकॉर्ड मात्र चालली नाही. शास्त्रीय ऐकणाऱ्यांना ती डिस्को वाटली असेल आणि डिस्कोवाल्यांना शास्त्रीय, असा माझा अंदाज. ती विस्मरणात गेली. पुढे नेदरलँड्सचे संग्राहक एडो बाऊमन यांना ती सापडली आणि 2010 मध्ये त्यांनी ती पुन्हा प्रसिद्ध केली. जगभरचे लोक चक्रावले. कारण ती ॲसिड हाउस या क्लबसंगीतासारखी वाजते, आणि ॲसिड हाउस तर शिकागोत 1987 च्या आसपास पुढे आलं! सत्तरी ओलांडलेल्या चरणजीत सिंगांना परदेशात कार्यक्रमांची आमंत्रणं आली. 2015 मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

"ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला" असं काही जण छाती फुगवून सांगतात. तिथे जरा थांबा. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकली होती याचा काही पुरावा नाही. दोन ठिकाणी दोन जणांनी एकाच यंत्रातून स्वतंत्रपणे वाट काढली, एवढंच म्हणता येतं. माझ्या मते तेही कमी नाही.

मग शिकागोत चाललं, मुंबईत का नाही?

टीबी-303 चे सुमारे 10,000 नग बनले आणि 1984 मध्ये उत्पादन बंद झालं. न खपलेली यंत्रं सेकंडहँड दुकानांत पडेल भावाने गेली. शिकागोच्या फ्यूचर नावाच्या गटातल्या तरुणांना असंच एक मिळालं. त्यांनी त्याचे नॉब वाट्टेल तसे फिरवले, आणि 1987 मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' आलं.

आता तुलना करा. यंत्र तेच होतं. चरणजीत सिंगांचं कौशल्य तर कितीतरी जास्त. फरक होता नाचायच्या जागेचा. शिकागोत क्लब होते. तिथे तो विचित्र आवाज रात्री लोकांसमोर वाजवता आला आणि लोकांना त्याची सवय झाली. मुंबईत 1982 मध्ये या आवाजासाठी तशी जागा नव्हती. रेकॉर्ड दुकानातच राहिली.

म्हणजे जुन्या यंत्रांच्या जादूत सर्किट हा एक भाग झाला. दुसरा भाग, ती स्वस्तात अशा लोकांच्या हाती लागली ज्यांना माहितीपुस्तिकेची पर्वा नव्हती. आणि तिसरा, तो आवाज ऐकून नाचणारी माणसं समोर होती.

यात अगदी साधे कीबोर्डही येतात. कॅसिओच्या 1981 च्या एमटी-40 या छोट्या घरगुती कीबोर्डमध्ये ओकुदा हिरोको या तरुण कर्मचारीने 'रॉक' नावाचा एक तयार ठेका भरला होता. जमैकात 1985 मध्ये त्यावर 'अंडर मी स्लेंग टेंग' हे गाणं झालं आणि रेगेची दिशाच बदलली. यंत्र ॲनालॉग नव्हतं, महाग तर मुळीच नव्हतं.

आजचा बाजार

आता चित्र उलटं आहे. मूळ 303 आज दोन-तीन लाखांच्या घरात जातं. बेरिंगर कंपनीने 2019 मध्ये त्याची नक्कल टीडी-3 नावाने सुमारे 150 डॉलरना आणली. ऑक्टोबर 2025 मध्ये खुद्द रोलँडने टीआर-1000 जाहीर केली. तिच्यात 808 आणि 909 ची काही ॲनालॉग सर्किटं पुन्हा बांधली आहेत. कंपनीने 40 वर्षांनी ॲनालॉग ड्रम मशीन काढली, तीही एआय एका वाक्यावरून अख्खं गाणं बनवून देत असताना.

मला हा योगायोग वाटत नाही. बिनचूक आवाज फुकट झाला की माणसं चुकणारा आवाज शोधतात. पण कंपन्या विकतात ते यंत्र. नाचायची जागा खोक्यात भरून मिळत नाही.

आणि इथे यवतमाळचा विषय येतो. आपल्याकडे ती जागा आहेच. आपला दुर्गोत्सव बघायला बाहेरगावचे लोक येतात. विदर्भात धुमाल आणि संदलवर अख्खी गल्ली रस्त्यावर येते. शिकागोकडे जे होतं ते आपल्याकडे दरवर्षी असतं. फक्त त्या जागेवर आता बऱ्याचदा तेच डाउनलोड केलेले रिमिक्स वाजतात, आणि वाजवणारे हात घरी बसतात.

मामांच्या पेटीचं शेवटी काय केलं?

मामांच्या कीबोर्डच्या मागे पाच टोचांचं गोल मिडी सॉकेट होतं. मिडी हे 1983 चं मानक. कुठली पट्टी किती जोरात दाबली, अशी माहिती ते पाठवतं. यूएसबी-मिडी केबल आणि ओटीजी ॲडॉप्टर लावून मी तो माझ्या अँड्रॉइड फोनला जोडला, आणि लगेच चालला. आमच्या ऑफिसात दोन वर्षांपूर्वीचा कोड चालेल याची खात्री नसते, आणि हे 40 वर्षं जुनं मानक बिनतक्रार चालतंय!

तुम्हाला करून बघायचं असेल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- ब्लूटूथ इअरफोन नको. आवाज उशिरा येतो आणि बोटं गोंधळतात. वायरचा वापरा.
- सिंथ ॲपमधले तयार आवाज बाजूला ठेवा. एक ऑसिलेटर, एक फिल्टर घेऊन एक तास फक्त 'कटऑफ' आणि 'रेझोनन्स' फिरवा.
- 'ग्लाइड' किंवा 'पोर्टामेंटो' चालू करून ओळखीची चाल वाजवा. मींड सापडते.

मामांनी भूपाची चाल वाजवली आणि मी कटऑफ हळूहळू उघडत गेलो. मामांनी माझा हात बाजूला सारला आणि ते स्वतःच स्क्रीनवर बोट फिरवू लागले. अर्धा तास कोणी चहालाही उठलं नाही.

मग ते म्हणाले, "आवाज त भारी निघते रे. पण वाजवाले बोलावते कोन?"

याचं उत्तर माझ्या फोनमध्ये नव्हतं. ते तुमच्यापैकी जे मंडळाच्या कार्यकारिणीत आहेत त्यांच्याकडे आहे. पुढच्या नवरात्रात पेन ड्राइव्ह एक तास बाजूला ठेवून गावातल्या एखाद्या जुन्या कीबोर्डवाल्याला ट्रॉलीवर चढवा. मामांनी पेटी अजून विकलेली नाही.