शर्यत २१ किलोमीटरची, धाव ३० किलोमीटरची

पावसाळा सरून हवेत गारवा आला की महाराष्ट्रात धावण्याच्या शर्यतींचा हंगाम सुरू होतो. १९८३ पासून चालत आलेली पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन आणि वसई-विरारची मॅरेथॉन साधारणपणे डिसेंबरात होतात. २००४ मध्ये सुरू झालेली मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. या मोठ्या शर्यतींच्या आगेमागे जिल्ह्याच्या आणि आता तालुक्याच्या गावीही अर्धमॅरेथॉन भरू लागल्या आहेत. रविवारी पहाटे मुख्य रस्ता दोन-तीन तास बंद, चौकाचौकात पाण्याची टेबले, शाळकरी मुलांचे लेझीम पथक, शेवटी पदक आणि गरम पोहे. धावणे ही खेळाडूंची मक्तेदारी राहिली नाही, ही सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट आहे.

या गर्दीत एक गट असा असतो, जो मुळात २१ किलोमीटरसाठी आलेलाच नसतो. त्याचे लक्ष जानेवारीतल्या ४२.१९५ किलोमीटरवर असते. पूर्ण मॅरेथॉनच्या तयारीत आठवड्यातून एकदा ‘लाँग रन’ करावी लागते आणि मुख्य शर्यतीच्या पाच-सहा आठवडे आधी ती २८ ते ३२ किलोमीटरपर्यंत नेली जाते. एवढे अंतर एकट्याने, भटक्या कुत्र्यांना आणि ट्रकना चुकवत धावणे कंटाळवाणे असते. त्यापेक्षा गावातली अर्धमॅरेथॉनच या लाँग रनमध्ये बसवायची, अशी युक्ती बरेच जण करतात. घरापासून चार-पाच किलोमीटर धावत शर्यतीच्या ठिकाणी यायचे, २१ किलोमीटर पूर्ण करायचे आणि पदक गळ्यात घालून पुन्हा चार-पाच किलोमीटर धावत घरी जायचे. झाले ३० किलोमीटर.

सरावाचे शास्त्र पाहिले तर या युक्तीत काहीच वावगे नाही. बंद रस्ता, सोबत आणि दर थोड्या अंतरावर पाणी, हे सगळे आयते मिळते. मुख्य शर्यतीच्या दिवशीचे खाणे, बूट, मोजे, शौचाची वेळ यांची रंगीत तालीमही होते. अडचण आहे ती दोन ठिकाणी. हे २१ किलोमीटर कोणत्या वेगाने धावायचे आणि उरलेले नऊ किलोमीटर कुठे बसवायचे?

आधी वेगाचे पाहू. लाँग रन मुद्दाम संथ ठेवतात. संथ, दीर्घ धावण्याने स्नायूंतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते, पेशींतली ऊर्जाकेंद्रे म्हणजे मायटोकॉन्ड्रिया वाढतात आणि शरीर इंधन म्हणून चरबी अधिक वापरायला शिकते. धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे, साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६५ किलो वजनाच्या माणसाला २१ किलोमीटरसाठी सुमारे १,३७० आणि ३० किलोमीटरसाठी सुमारे १,९५० किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो. त्यातून १,६०० ते २,००० किलोकॅलरी मिळतात. संथ धावले तर खर्चाचा मोठा वाटा चरबी उचलते आणि साठा पुरतो. शर्यतीच्या वेगाने धावले तर बहुतेक भार ग्लायकोजेनवरच पडतो. २१ किलोमीटरला तोही कसाबसा पुरतो, पण पुढचे किलोमीटर रिकाम्या टाकीवर होतात. पाय जड होतात, धावण्याची ढब बिघडते आणि सारा मार गुडघे, पोटऱ्या व टाचांवर बसतो.

शर्यतीत संथ धावणे मात्र सोपे नसते. घोषणा झाली, ढोल वाजला आणि शेजारच्या सोसायटीतला माणूस पुढे गेला की ठरवलेला वेग विसरला जातो. म्हणून मोजमाप साधे ठेवावे. सोबतच्याशी न धापता पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग सरावाचा आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर सराव संपून शर्यत सुरू झाली आहे. एखाद्या रविवारी तीही करायला हरकत नाही, पण मग त्या दिवशी धाव २१ किलोमीटरलाच थांबवावी.

आता उरलेल्या नऊ किलोमीटरचे. डॉक्टर म्हणून मला हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

२००० ते २०१० या काळात अमेरिकेतल्या मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉनमध्ये धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंचा अभ्यास २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी ५९ जणांचे हृदय धावताना किंवा धावून झाल्यावर लगेच बंद पडले आणि ४२ जण दगावले. म्हणजे धोका लाखात एकाहूनही कमी. घाबरून धावणे सोडावे असा हा आकडा नाही. पण त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. पूर्ण मॅरेथॉनमध्ये हा धोका लाखामागे १.०१ होता, अर्धमॅरेथॉनमध्ये ०.२७, म्हणजे जवळजवळ चौपट फरक. आणि बहुतेक घटना मार्गाच्या शेवटच्या चौथ्या भागात घडल्या होत्या. त्या टप्प्यावर पाणी आणि क्षार कमी झालेले असतात, अंगातली उष्णता वाढलेली असते, रक्तातले अॅड्रेनालिन चढलेले असते आणि तरीही माणूस शेवटचा जोर लावत असतो.

हीच गोष्ट आपल्या ३० किलोमीटरवाल्याला लावून पाहा. निकालपत्रकात तो २१ किलोमीटरवाला असतो, पण त्याच्या हृदयाने आणि स्नायूंनी ३० किलोमीटर मोजलेले असतात. शर्यतीनंतर तो घराकडे धावत निघतो, तेव्हा त्याचा शेवटचा चौथा भाग, सर्वांत जोखमीचा, सुरू होत असतो. आणि नेमक्या त्याच वेळी तो शर्यतीच्या वैद्यकीय संरक्षणाबाहेर पडलेला असतो. रुग्णवाहिका आणि स्वयंसेवक मागे मैदानावर राहतात. ऊन चढलेले असते, रस्ता वाहतुकीला खुला झालेला असतो. तो कोसळलाच तर पाहणाऱ्याला ते चक्कर आल्यासारखे वाटते. मग कोणी तोंडावर पाणी मारते, कोणी कांदा नाहीतर चप्पल हुंगवते आणि मोलाची चार मिनिटे जातात.

यावर उपाय फुकटचा आहे. जादा किलोमीटर शर्यतीच्या आधी करावेत, नंतर नाही. पहाटे आठ-नऊ किलोमीटर अगदी हळू धावून शर्यतीच्या दहा मिनिटे आधी मैदानावर पोहोचावे आणि उरलेली सगळी धाव शर्यतीतच संपवावी. मग थकव्याचा शेवटचा टप्पा पाणी, माणसे आणि डॉक्टर असलेल्या रस्त्यावर येतो. पहाटेच्या अंधाराचा धोका खराच. तो टाळण्यासाठी दिवे असलेल्या मैदानात किंवा बागेच्या रस्त्यावर फेऱ्या माराव्यात, चमकणारी पट्टी लावावी आणि एखादा सोबती घ्यावा. शर्यत संपल्यावर एकदम थांबू नये, दहा मिनिटे चालावे. धावणे थांबताच पायांतले रक्त वर ढकलणारे स्नायू थांबतात, रक्तदाब घसरतो आणि पुष्कळांना रेषेपलीकडे भोवळ येते. शुद्धीवर असलेल्या अशा माणसाला आडवे करून पाय वर उचलले की तो बहुधा सावरतो. धावता धावताच कोसळलेला आणि हाक मारूनही न हलणारा माणूस मात्र हृदय बंद पडलेलाच समजावा. सुरुवातीला त्याच्या हातापायांना झटके येऊ शकतात. ती फिट समजून वाट पाहत बसू नये.

तिथे काय करायचे, याचे उत्तर गेल्या वर्षांत अधिक स्पष्ट झाले आहे. त्याच अमेरिकी संशोधकांनी २०१० ते २०२३ या काळातल्या सुमारे २ कोटी ९३ लाख धावपटूंचा पुढचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. हृदय बंद पडण्याचे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले होते, पण मृत्यूचे प्रमाण निम्म्यावर आले होते. फरक पडला तो जागच्या जागी छाती दाबण्यामुळे, म्हणजे सीपीआरमुळे, आणि विजेचा झटका देणाऱ्या एईडी यंत्रामुळे. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबणे हे कॉलेजातला कोणताही मुलगा तासाभरात शिकू शकतो. २०२४ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये दोन धावपटूंचा मृत्यू झाला. एवढी मोठी वैद्यकीय यंत्रणा असलेल्या शर्यतीत हे घडते, तर लहान गावातल्या आयोजकांनी किती तयारी ठेवायला हवी, याचा विचार व्हायला हवा.

प्रत्यक्षात तयारी बहुधा एका पत्रापुरती असते. आठवडाभर आधी सरकारी रुग्णालयाला रुग्णवाहिका मागणारा अर्ज येतो. रुग्णवाहिका मैदानावर उभी राहिली की वैद्यकीय व्यवस्था झाली असे मानले जाते. पण २१ किलोमीटरच्या मार्गावर एका टोकाला उभी असलेली गाडी दुसऱ्या टोकाला चार मिनिटांत पोहोचत नाही. दर दोन किलोमीटरवर सीपीआर शिकलेले दोन स्वयंसेवक आणि मोटारसायकलवर एईडी घेऊन फिरणारा एक जण हवा. उष्माघातासाठी मैदानावर बर्फाचे पाणी भरलेला मोठा टब हवा. अंग तापलेले आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे, तर त्याला आधी थंड पाण्यात बसवायचे आणि मग रुग्णालयात न्यायचे, हा क्रम उलटता कामा नये. नोंदणीच्या अर्जात ‘आज एकूण किती किलोमीटर धावणार?’ हा एक रकाना वाढवला तरी डॉक्टरांना बरेच कळेल. छातीवरच्या क्रमांकाच्या मागे नातेवाइकाचा फोन, चालू औषधे आणि आजार लिहिणे सक्तीचे करावे.

पाण्याबद्दलही एक गैरसमज आहे. जास्त अंतर म्हणून प्रत्येक टेबलावर थांबून पाणी पिणारे अनेक असतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातले सोडियम कमी झालेले आढळले आणि त्याचा संबंध धावताना वजन वाढण्याशी, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी पिण्याशी होता. तहान लागेल तेवढेच प्यावे. एखाद्या लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करून पाहावे. नंतरचे वजन वाढले असेल तर पाणी जास्त झाले. डोके दुखते आहे, उलट्या होत आहेत, माणूस गोंधळला आहे, तर लगेच साधी सलाईन लावण्याची घाई करू नये. आधी सोडियम तपासावे.

काही जणांनी मात्र त्या रविवारी मैदानावर जाऊच नये. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे डेंग्यू, चिकुनगुन्या आणि विषाणूजन्य तापांचे महिने. ताप उतरून दोन आठवडे झाल्याशिवाय लांब धावू नये, कारण अशा तापात हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते. चालताना किंवा चढावर छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखणे, नेहमीपेक्षा जास्त धाप, धावताना आलेली चक्कर, किंवा घरात कोणाचा पन्नाशीच्या आत अचानक झालेला मृत्यू, यातले काहीही असेल तर आधी तपासणी. भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी गाठतो. त्यामुळे चाळिशी पार केलेल्या, मधुमेह वा रक्तदाब असलेल्या किंवा तंबाखू खाणाऱ्या माणसाने वैद्यकीय प्रमाणपत्र ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासता सही करून घेणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक आहे. गुडघा दुखतो म्हणून धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेणेही टाळावे. पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला इजा करू शकते.

धावून झाल्यावरच्या दोन-चार दिवसांतही एक गोंधळ होतो. एवढ्या अंतरानंतर रक्तातले सीपीके, काही वेळा यकृताचे म्हणून मोजले जाणारे एएसटी आणि हृदयाशी जोडलेले ट्रोपोनिनही तात्पुरते वाढते. ठरलेली वार्षिक तपासणी सोमवारी केली तर अहवाल पाहून घर हवालदिल होते. तपासणी आठवडाभर पुढे ढकलावी आणि डॉक्टरांना धावल्याचे आठवणीने सांगावे. छातीत दुखत असेल तर मात्र वाढलेल्या ट्रोपोनिनला धावण्याचा परिणाम समजून घरी थांबू नये.

पुढचा आठवडा हलका ठेवावा. दोन-तीन दिवस फक्त चालावे आणि पुढच्या रविवारी अंतर निम्म्यावर आणावे. शरीर मजबूत होते ते या विश्रांतीत. जानेवारीतल्या शर्यतीला धडधाकट पोहोचायचे असेल, तर डिसेंबरातल्या पदकाची वेळ कोणालाही दाखवण्यासारखी नसली तरी चालेल.