कसब आपले, अवजार कोणाचे?

मुंबई-बंगळुरू औद्योगिक पट्ट्यासाठी सातारा जिल्ह्यातील म्हसवड-धुळदेव परिसराचे नाव गेली काही वर्षे घेतले जात आहे. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथ-जोगेश्वरीच्या रथासाठी म्हसवडला जमणाऱ्या माणदेशी माणसांच्या बोलण्यात पाऊसपाण्याच्या जोडीला जमिनीच्या दराचाही विषय निघाला, तर नवल नाही. पिढ्यान् पिढ्या दुष्काळ सोसलेल्या या मुलखात उद्योग येणार असतील, तर त्यांचे स्वागत कोण करणार नाही? पण उद्योग येणार म्हणजे नेमके काम कोणते येणार, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. फाटकावरचा पहारा आणि कंत्राटी हमाली एवढेच स्थानिक तरुणाच्या वाट्याला येणार असेल, तर जमीन देऊन त्याने मिळवले काय?

माणदेश हा मुळात कसबी माणसांचा मुलूख आहे. येथल्या मेंढ्यांच्या लोकरीने घोंगडी दिली. आटपाडी-खानापूरकडचे गलाई कारागीर सोने-चांदी शुद्ध करण्याची विद्या घेऊन देशभरातील सराफ बाजारांत पोहोचले. भांडवल नव्हते, पाणी नव्हते. हातात कसब तेवढे होते. म्हणून आज आम्ही ज्या कामाविषयी लिहीत आहोत, ते वरवर पाहता म्हसवडपासून फार दूरचे वाटले, तरी तसे ते नाही. हे काम इलेक्ट्रॉनिक चिपच्या मांडणीचे आहे. चिप घडवणाऱ्या कारखान्याला रोज प्रचंड प्रमाणात अतिशुद्ध पाणी लागते. असा कारखाना माणच्या खोऱ्यात येईल असे कोणी सांगू लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. चिप आखायला मात्र पाणी लागत नाही.

आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर. तेव्हा या विषयात आम्हाला जेवढे उमगले, तेवढेच येथे मांडतो. आजचा संगणक शून्य आणि एक या दोनच अंकांवर चालतो. निसर्ग मात्र तसा चालत नाही. आवाज, उष्णता, नाडीचे ठोके हे सारे सलग चढत-उतरत असते. म्हसवडच्याच ‘माणदेशी तरंग’ या २००८ साली सुरू झालेल्या सामुदायिक रेडिओवर एखादी भगिनी ध्वनिग्राहकासमोर ओवी म्हणते, तेव्हा तिच्या स्वरातून निर्माण होणारा विद्युतप्रवाह अत्यंत क्षीण असतो. तो मूळ स्वर न बिघडवता मोठा करणे, हे अ‍ॅनालॉग मंडलाचे काम. भ्रमणध्वनी कितीही आधुनिक असला, तरी बोलणाऱ्याच्या तोंडाशी आणि ऐकणाऱ्याच्या कानाशी त्याला या मंडलावाचून गत्यंतर नाही.

अशा मंडलाचा आराखडा कागदावर तयार झाला म्हणजे काम संपले, असे नव्हे. त्यातील प्रत्येक घटक सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर कोठे बसवायचा आणि त्यांना जोडणाऱ्या तारा कोणत्या वाटेने न्यायच्या, हे ठरवावे लागते. येथेच खरी कसोटी असते. दोन ट्रान्झिस्टर अगदी जुळ्या भावंडांसारखे वागले पाहिजेत, अशी अट वारंवार येते. पण चिपच्या पृष्ठभागावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थरांची जाडी आणि तापमान किंचित बदलत जाते. शेतकऱ्याला हे चटकन समजेल. उताराच्या रानात ज्वारीच्या दोन वाणांची तुलना करायची आणि मालदांडी वरच्या अंगाला, दुसरे वाण खालच्या अंगाला पेरले, तर फरक दिसेल तो मातीचा आणि ओलाव्याचा, वाणाचा नव्हे. त्यासाठी पट्टे पाडून अ-ब-ब-अ असे पेरावे लागते. चिपवरही त्या दोन घटकांचे तुकडे करून ते याच क्रमाने मांडतात. तारांचे तसेच. दोन तारा फार जवळून गेल्या, की एकीतील गडबड दुसरीत उतरते. नाजूक अ‍ॅनालॉग भागाशेजारी अंकीय भाग आणून ठेवणे म्हणजे कीर्तनाच्या मंडपाला लागून ध्वनिक्षेपकांची भिंत उभी करण्यासारखेच आहे.

अंकीय चिपची मांडणी संगणकाकडे सोपवण्याचे काम १९८०च्या दशकातच मार्गी लागले. या इतिहासात पाटील आडनावाचे एक गृहस्थ आहेत, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. जमशेदपूरला जन्मलेले, खरगपूरच्या आयआयटीत शिकलेले डॉ. सुहास पाटील यांनी अमेरिकेत चिपची मांडणी यंत्राकडून करवून घेण्याची एक पद्धत विकसित केली. त्यातून १९८१ साली उभी राहिलेली त्यांची कंपनी पुढे ‘सिरस लॉजिक’ म्हणून नावारूपाला आली.

अ‍ॅनालॉग मंडल मात्र यंत्राला दाद देईना. प्रयत्न पुष्कळ झाले. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी १९९१ साली लोहाराच्या भात्यातली युक्ती वापरली. लाल तापलेले लोखंड सावकाश निवू दिले, की त्यातील कण आपापली योग्य जागा शोधतात. त्याच न्यायाने संगणक आधी घटकांची मुक्तपणे उलथापालथ करी, वाईट मांडणीही काही काळ चालवून घेई आणि मग हळूहळू शिस्तीवर येई. उत्तरे बरी येत. तरीही मुरलेल्या अभियंत्यांनी ती मनापासून स्वीकारली नाहीत, कारण त्यांना माहीत असलेल्या शंभर गोष्टी कोठेच लिहिलेल्या नव्हत्या. जे लिहिलेलेच नाही, ते यंत्राला कोण आणि कसे शिकवणार?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संशोधन संस्थेने २०१८ साली हा प्रश्न नव्याने हाती घेतला. लक्ष्य ठेवले ते असे : माणसाचा हात न लागता चोवीस तासांत मांडणी पूर्ण झाली पाहिजे. या उपक्रमातील ‘अलाइन’ या प्रकल्पाचे नेतृत्व मिनेसोटा विद्यापीठातील प्रा. सचिन सापटणेकर यांच्याकडे आले. ते १९८७ साली मुंबईच्या आयआयटीतून पदवी घेऊन बाहेर पडलेले. त्यांच्या चमूने, इंटेल आणि टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या साथीने, असे सॉफ्टवेअर सिद्ध केले की जे आधी मंडल वाचते; त्यातील जोड्या, प्रवाहाचे आरसे अशा ओळखीच्या आकृती शोधते; कोठे समतोल राखायचा ते ठरवते आणि मगच घटक बसवून तारा ओढते. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातही असाच ‘मॅजिकल’ नावाचा प्रकल्प झाला. अत्यंत अचूक किंवा अतिउच्च वारंवारतेच्या मंडलात अजूनही जाणकाराची नजर लागतेच. पण ज्या मांडणीला आठवडे लागत, तिचा पहिला खर्डा यंत्र देऊ लागले आहे.

हे वाचून बंगळुरू, हैदराबाद किंवा पुण्यात चिपच्या मांडणीचे काम करणाऱ्या एखाद्या तरुणाच्या छातीत धस्स झाले, तर ती भीती खोटी म्हणता येणार नाही. कऱ्हाड-सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना या कामात चांगली संधी होती व आहे. आमच्या व्यवसायात आम्ही हा प्रसंग प्रत्यक्ष पाहिला आहे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी आम्ही पत्रकारितेत आलो, तेव्हा पानाची जुळणी कात्री आणि गोंद घेऊन होत असे. ते काम करणाऱ्या आमच्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याला नुसत्या नजरेने कळे, की मजकूर किती ओळींनी जास्त होणार आहे. संगणक आला आणि त्यांचे टेबल रिकामे झाले. पानाचा तोल कसा साधायचा हे त्यांच्याइतके कोणाला कळत नव्हते. पण संगणकासमोर त्यांना कोणी बसवलेच नाही, बसवले ते टंकन येणाऱ्या मुलांना. पुढे कित्येक वर्षे आमची पाने वेडीवाकडी दिसत होती, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

त्या काळाची आणखी एक जखम आहे. तेव्हाच्या प्रत्येक मराठी टंकाची आतील सांकेतिक रचना वेगवेगळी असे आणि ती विक्रेत्याच्या मुठीत असे. त्या टंकांत साठवलेले आमचे लेखन आज उघडले, तर पडद्यावर निरर्थक चिन्हांचा सडा पडतो. शब्द आमचे, कष्ट आमचे आणि किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात! युनिकोड रुळल्यावर ही गुलामी संपली.

चिपच्या आरेखनात देश आज नेमका त्या जुन्या टंकांच्या अवस्थेत आहे. सिनॉप्सिस, केडन्स आणि सीमेन्सने २०१७ साली विकत घेतलेली मेंटॉर ग्राफिक्स, या तिघांच्या सॉफ्टवेअरवाचून जगातील बहुतेक चिप आखल्या जात नाहीत. मे २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने या कंपन्यांना चीनला होणारा पुरवठा थांबवायला सांगितले आणि जुलैमध्ये व्यापारी वाटाघाटी झाल्यावर बंदी उठवली. चीनविषयी आम्हाला प्रेम नाही. परंतु जो नळ एका आदेशाने शेजाऱ्याचा बंद होतो, तो आपलाही होऊ शकतो, हे समजायला कूटनीतीचा अभ्यास लागत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती स्वागतार्हच होती. बंगळुरूच्या सी-डॅकमधील केंद्रामार्फत महाविद्यालयांना आरेखनाची साधने मिळू लागली, हेही उत्तम झाले. पण त्या साधनांत मोठा वाटा परकीयांच्याच सॉफ्टवेअरचा आहे. कारखान्याच्या भिंतींसाठी जेवढा पैसा निघतो, त्याच्या शतांशाने तरी अवजार घडवणाऱ्यांसाठी निघावा, अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे काय?

सुरुवात शून्यातून करायची नाही, ही जमेची बाजू. मुंबई आयआयटीच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने ‘ईसिम’ हे मंडल-आरेखनाचे मुक्त सॉफ्टवेअर तयार केले आहे. ते विनामूल्य आहे आणि साध्या संगणकावर चालते. ‘अलाइन’चा आज्ञासंचही सर्वांना खुला आहे. अ‍ॅनालॉग चिपला अतिसूक्ष्म, महागडे तंत्र नेहमीच लागते असे नाही; मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेतील १८० नॅनोमीटरचे तंत्र पुष्कळ कामांना पुरते आणि तेथे विद्यार्थ्यांनी आखलेल्या चिप घडवूनही दिल्या जातात. आमच्या पत्रकारितेत जी चूक झाली, ती येथे टाळता येईल : ज्यांना मांडणीचे मर्म कळते, त्यांनाच नव्या यंत्रासमोर बसवावे आणि त्यांच्या मनात असलेले ते शंभर अलिखित नियम आपल्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घ्यावेत.

म्हसवड-धुळदेवच्या औद्योगिक क्षेत्राचा आराखडा ज्यांच्या टेबलावर येईल, त्यांनी भूखंडांच्या वाटपात एक इमारत यासाठी राखून ठेवावी. वीसएक संगणक, अखंड वीज, बऱ्यापैकी इंटरनेट आणि कऱ्हाड किंवा सांगलीहून आठवड्यातून दोन दिवस येणारा एक जाणता अध्यापक, एवढ्यावर वर्ग सुरू होतो. जमिनी देणाऱ्या कुटुंबांतील मुलामुलींची नावे त्या वर्गाच्या हजेरीपटावर पहिली असावीत.